भाऊजींच्या मानेची उसण

"ही उसण नाही. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी नळी आतून फाटली असावी," रत्नागिरीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. आजाराचं नाव कॅरोटिड डिसेक्शन. ते मी दोनदा म्हणवून घेतलं. नळीचं आतलं अस्तर सुटतं, तिथे रक्त साकळतं. गुठळी मेंदूत गेली तर माणूस लुळा पडतो, नाहीतर जातो.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय एकतीस. आमचं गाव देवरूखजवळ. आदल्या दिवशी त्यांनी दिवसभर मान वर करून आंबे काढले होते. सकाळी मानेची डावी बाजू आणि डोकं ठणकायला लागलं.

मी पायाळू, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. उसण भरली की आमच्याकडे दुखऱ्या जागेवर पायाळू माणसाची टाच लावून घेतात. एरवी मी चारचौघांत येत नसे, पण त्यासाठी लोक मला शोधत यायचे.

भाऊजी पडवीत पालथे झोपले. "जोरात लाव गो वहिनी. ह्या घरात लाथ मारायची परवानगी तुला एकटीलाच हाय."

सगळे हसले. बोलायला त्यांनी तोंड वळवलं, तेव्हा डावी पापणी अर्धी खाली आलेली दिसली. त्या डोळ्याची बाहुलीही उजवीपेक्षा बारीक. पाणी दिलं तर उजव्या हातातून तांब्या सुटला आणि शब्द अडखळले. थोड्या वेळाने हातात पुन्हा जोर आला, पण पहिल्यासारखा नाही.

मी मागे सरले.

"काय गो, थांबलीस का?" सासूबाई म्हणाल्या.

"मी नाय लावणार. ह्यांना रत्नागिरीला न्या."

"बघा, डॉक्टरीण झाली आमची!"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा नाही म्हटलं.

मी हटले नाही, तेव्हा भाऊजींना रत्नागिरीला नेलं. दवाखान्यात बरोबर आलेले चुलत सासरे डॉक्टरांना म्हणाले, "काय नाय, उसण हाय. सुनेनं उगाच घाबरवलंन." मी दाराशी उभी होते. गप्प राहिले असते तर भाऊजींना घरी नेऊन दुसऱ्या कुणाकडून मान दाबून घेतली असती. मी पुढे झाले आणि पापणी, बाहुली, तांब्या, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी बॅटरीने डोळे पाहिले.

"मान कुणी चोळली का?"

"नाही. मी हात लावू दिला नाही."

"फार चांगलं केलंत."

लगेच आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथे अँजिओग्राफी केली, म्हणजे मांडीतून बारीक नळी घालून, औषध सोडून रक्तवाहिनीचे फोटो काढले. फाटलेलं दिसलं. गुठळी वाढू नये म्हणून हेपरिन नावाचं औषध सलाईनमधून सुरू केलं. मी नऊ दिवस बाकावर बसून होते. रोज सकाळी भाऊजींना माझं बोट उजव्या हाताने दाबायला लावायची. सातव्या दिवशी म्हणाले, "मोडू काय आता?" तेव्हा मला रडू आलं. पुढे तीन महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या.

कुणाच्या घरी असं झालं तर मान चोळू नका, दाबू नका. आधी माणसाचे दोन्ही डोळे नीट बघा. मीही आता कुणाच्या मानेला पाय लावत नाही. रत्नागिरीच्या त्या डॉक्टरांनी एका बाईचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं, हे उपकार मी विसरणार नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढले. नळी भरून आली होती. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं आणि मला म्हणाले, "तुम्ही काय पाहिलंत, ते ह्यांना सांगा."

मी चौथी शिकलेली. पण मी बोलत होते आणि ते सगळे वहीत लिहून घेत होते.