फॉक्सप्रोच शिका

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितली नाही. आता ती नाही, घरात बोलायला कोणी नाही, म्हणून कागदावर लिहितो आहे.

मंचरला माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार सालच्या आसपास कळंबहून एक बाई येऊ लागल्या. त्यांची रोपवाटिका होती. टोमॅटोची, कोबीची रोपं ट्रेमध्ये वाढवून शेतकऱ्यांना द्यायच्या. कुणाची कुठली रोपं, कोणत्या दिवशी न्यायची, याची चिठ्ठी कॉम्प्युटरवर निघावी आणि तो प्रोग्रॅम आपणच लिहावा, अशी त्यांची जिद्द.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "सर, भाषा अशी शिकवा, की चिठ्ठी मराठीत निघंल. आमच्याकडं येणाऱ्यांना इंग्रजी वाचता येत न्हाई."

प्रोग्रॅम लिहायच्या भाषांपैकी मला फॉक्सप्रो येत होतं, आणि तेवढंच; त्यात छपाई इंग्रजीतच निघायची. विंडोजवर व्हिज्युअल बेसिक या नव्या भाषेत मराठी फॉन्ट लावून अशी चिठ्ठी काढता येते, हे मला ठाऊक होतं. त्याचं पुस्तकही मी पुण्याहून आणलं होतं. चाळीसएक पानांपुढे काही उमगेना, तेव्हा कपाटात जुन्या हजेरीपटांखाली सारून दिलं. पंचेचाळिशी उलटल्यावर पुन्हा पहिलीपासून शिकायची लाज वाटली.

"प्रोग्रॅममध्ये मराठी येत नाही," मी म्हणालो. "फॉक्सप्रोच शिका."

"पण लग्नपत्रिका तर कॉम्प्युटरवरच करत्यात की."

"पत्रिका करायची असेल तर त्या दुकानात जा, ताई."

वर्ग हसला. त्याही हसल्या आणि वहीत फॉक्सप्रो लिहून घेतलं.

आठ महिने त्यांनी एकही तास बुडवला नाही. प्रोग्रॅम नेटका केला. प्रिंटर बसवायला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा इंग्रजी चिठ्ठ्या निघत होत्या आणि बाई प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीमागे पेनानं तेच सगळं मराठीत लिहून देत होत्या. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "कॉम्प्युटरला बी पेन लागतंय व्हय?" मी खाली बघून वायर जोडत राहिलो. एका हंगामानंतर त्यांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि वही काढली, असं कानावर आलं.

काही वर्षांनी कळंबच्या स्टॉपवर त्या भेटल्या. आपणहून जवळ आल्या.

"सर, तुमी लई मन लावून शिकवलं. माझ्याच डोक्यात बसलं न्हाई. पोरीला कॉम्प्युटरला घालणार व्हते, पण म्हटलं नको. माझ्यावर गेली आसंल."

माझी एस.टी. यायला अजून वेळ होता. मी पाऊसपाण्याचं विचारलं.

बायको गेल्यावर दोनदा मी कळंबला उतरलो. दोन्ही वेळा त्यांच्या रोपांवर सावली धरणाऱ्या शेडनेटच्या कुंपणापर्यंत गेलो, आत बाई ट्रे हलवताना दिसल्या आणि मी मागे फिरलो. तिसऱ्यांदा ते पुस्तक पिशवीत घालून गेलो. शेडनेट फाटलं होतं. शेजारच्यानं सांगितलं की बाई वारल्याला वर्ष झालं, मुलगी लग्न होऊन लांब गेली.

एस.टी.त बसून जे घोकत गेलो होतो ते एवढंच होतं: ताई, तुमच्या डोक्यात कमी काही नव्हतं. तुम्ही मागितली ती भाषा होती. मला ती येत नव्हती आणि ते मी कबूल केलं नाही. मला माफ करा, आणि पोरीला शिकू द्या.