टाकीतले सहा दिवस

पाण्याच्या टाक्या साफ करण्यात त्यांची अडतीस वर्षं गेली. सगळे त्यांना टाकीवाले काका म्हणत. तोंडाची टकळी अशी, की तळाचा गाळ खरवडतानाही वरच्या माणसाशी गप्पा चालूच. बहात्तराव्या वर्षी न्यूमोनियाने त्यांना आयसीयूत आणलं. चार दिवसांनी श्वासाची नळी निघाली, ताप उतरला आणि धोका टळला असं डॉक्टरांनी सांगितलं.

काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते टाकीत होते.

भिंती पांढऱ्या, वर झाकण घट्ट, शिडी कुणीतरी काढून नेलेली. माणसांचे आवाज घुमत यायचे, शब्द कळायचे नाहीत. अनोळखी चेहरे वाकून बघायचे आणि निघून जायचे. ओरडावंसं वाटे. पण हवा कमी असली की तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांनीच हाताखालच्या माणसांना शिकवलेला. म्हणून ते निपचित पडून राहिले, एकेक श्वास जपून घेत.

"काकांचा काही म्हणता काही त्रास नाही," सिस्टर काकूंना म्हणाली. "शेजारचे आजोबा नळ्या उपटतात. हे बघा कसे शांत."

"तेच तर खटकतंय. हे झोपेतही गप्प नसतात. आणि आता माझ्याकडे बघतात, पण डोळ्यांत ओळखच नाही."

"अशक्तपणा असतो हो."

काकूंना ते पटेना. तीन दिवस त्या प्रत्येकाला तेच सांगत राहिल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मेंदूच्या लहरी तपासायचं ठरवलं.

टेक्निशियनने टेपने डोकं मोजलं, खुणा केल्या, जेल लावून वायरी चिकटवल्या. काकांना वाटलं, आता झाकण कायमचं बंद करताहेत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टेक्निशियनने ते हलकेच पुसलं आणि म्हणाला, "नुसत्या वायरी आहेत, काका. दुखणार नाही." काकांपर्यंत नुसता आवाज पोचला.

डॉक्टरीणबाईंनी काकूंना पडद्यापाशी बोलावलं. "जाग्या माणसाच्या लहरी बारीक, भरभर असतात. यांचे डोळे उघडे आहेत, पण लहरी बघा, लांबलचक आणि संथ. हा डेलिरियम आहे, आजारपणातला भ्रम. आरडाओरडा करणारा लगेच लक्षात येतो. गप्प राहणारा आमच्या नजरेतून सुटतो. तुम्ही मागे लागलात ते बरं झालं."

"यातून बाहेर येतील?"

"बहुतेक जण येतात. वेळ लागतो."

झोपेचं औषध कमी झालं. खाट खिडकीकडे वळवली. पिशवीतच राहिलेला चष्मा आणि कानाचं मशीन त्यांना लावलं. काकू शेजारी बसून वार, तारीख, वेळ सांगत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी खरखरीत आवाज आला, "वर कोण आहे?"

"मी आहे."

"शिडी लाव."

काकूंनी सिस्टरकडे पाहिलं. दोघींनी खाटेचा कठडा खाली केला, काकांना धरून बसवलं, पाय खाली सोडले. त्यांनी तळवे फरशीवर घासून पाहिले, बराच वेळ.

"कोरडं कसं काय?" ते म्हणाले. मग खिडकी, पडदा, सिस्टर असं एकेक बघत त्यांची नजर काकूंवर येऊन थांबली. "आणि तू इथे काय करतेस?"



पंधरा दिवसांनी ते घरी आले. बोलणं पूर्ववत सुरू झालं, पण टाकीबद्दल एक शब्दही काढत नाहीत. फक्त आंघोळीला गेले की दाराला कडी लावत नाहीत. आणि ते आत असेपर्यंत काकू काही ना काही काम काढून बाहेर उभ्या राहतात, मोठ्याने बोलत.