दोन परिच्छेदांमधली जागा

कल्याणला दस्तनोंदणीच्या कचेरीच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि स्टॅम्पपेपरवाला यांच्या मधोमध नंदा तांबेचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक पंखा आणि बाहेर गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. तरी गल्लीतले वकील तिला वचकून असतात. दस्तातली ढिलाई तिला खपत नाही, आणि खपत नाही हे ती पोटात ठेवत नाही. दोन परिच्छेदांमध्ये जागा हवी म्हणून चार-चार वेळा एंटर मारणाऱ्या माणसाची ती अशी काही हजेरी घेते, की तो पुन्हा एंटरला बोट लावताना विचार करतो. जागा सोडायची तर ती मोजून, सेटिंगमध्ये जाऊन सोडावी. दस्तात उगाच मोकळी जागा राहिली की उद्या कोणीही तिथे चार ओळी घुसडू शकतो, हे तिचं ठरलेलं भाषण.

दुसरं भाषण न वाचता सही करणाऱ्यांसाठी. गिऱ्हाइकाने पान उलटून थेट सहीच्या जागेवर पेन टेकवलं, की नंदा कागद मागे ओढून घेते. आधी वाचा म्हणते. वाचता येत नसेल तर बसा, मी वाचून दाखवते. चौतीस वर्षं, टाइपरायटरपासून ते आजपर्यंत, तिने हे व्रत पाळलं आहे. शंभर माणसं तरी तिच्यावर चिडून गेली असतील. तिला त्याचं काही नाही.

घरचा पाढा मात्र तिने कधी कोणापुढे वाचला नाही. वडील सहदेव तांबे रत्नागिरीकडून येऊन डोंबिवलीत एका कारखान्यात चिकटले आणि तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा घेऊन राहिले. आई लवकर गेली. धाकटा सुदेश तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याचा डबा, त्याची शाळा, त्याचा डिप्लोमा, सगळं नंदाने केलं आणि त्यात तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. सुदेशचं लग्न झालं तेव्हा दोन खोल्यांत अडचण नको म्हणून ती काही दिवसांसाठी दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत गेली. त्या काही दिवसांना आता अठरा वर्षं झाली. दिव्याच्या त्या खोलीत पाणी दिवसाआड येतं, आणि येतं तेव्हाही पिंप भरेपर्यंत नळापाशी उभं राहावं लागतं. नंदाचे गुडघे हल्ली त्याला कबूल नाहीत.

चार वर्षांपूर्वी वडील गेले. घरात तिचा निम्मा हिस्सा होता, तो तिने भावाच्या नावे सोडून दिला. बहिणी सोडतातच. पण सुदेशने स्वतःहून मसुद्यात एक कलम घालून आणलं होतं आणि पिठल्या-भाताच्या ताटावर बसून तिला ते वाचून दाखवलं होतं. ताईला या घरात, आणि उद्या बिल्डिंग पाडून नवं घर मिळालं तर त्यातही, हयातभर राहायचा हक्क. नंदाने त्या दिवशी आपल्या वाटचं पिठलंही त्याच्याच ताटात वाढलं. बिल्डिंग पाडली. नवी उभी राहिली. दसऱ्याला किल्ली मिळणार होती. नंदाने दिव्याच्या घरमालकाला खोली सोडत असल्याचं सांगून टाकलं होतं, आणि डोंबिवलीच्या नव्या खोलीच्या खिडकीसाठी पडद्याचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

तर पितृपक्ष लागायच्या आधीचा तो आठवडा. पितृपक्षात कोणी दस्त करत नाही, म्हणून गल्लीत नुसती झुंबड उडाली होती. दुपारी बाराच्या सुमारास एका वकिलाची ज्युनिअर, दिशा, पेनड्राइव्ह घेऊन धावत आली. पोरगी वर्षभरापूर्वीच कामाला लागलेली, गुणी, पण सदा घाईत. माजिवड्याच्या एका म्हातारीचं हक्कसोडपत्र होतं, भावाच्या नावे. बाहेर बाकड्यावर ती म्हातारी, तुळसाबाई, बसलेली होती आणि तिचा भाऊ काळुराम शेजारी उभा होता. दस्त तयार होता. अडचण एवढीच, की तिसऱ्या पानावर दोन परिच्छेदांमध्ये एक नको ती मोकळी जागा पडत होती, आणि तिच्यामुळे शेवटी नुसत्या सह्यांचं एक वेगळं पान निघत होतं. मजकुराशिवाय सह्यांचं पान वकीलसाहेबांना चालत नव्हतं. दिशाने तासभर खटपट केली होती. जागा काही हलली नव्हती.

नंदाने चष्मा लावला. परिच्छेदाची चौकट उघडली. आधीची जागा शून्य, नंतरची शून्य. ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं. एकाच स्टाइलच्या परिच्छेदांत जागा सोडू नये, त्या खुणेवरही टिक केली. पान जरासुद्धा हललं नाही. म्हणजे सेटिंगचा दोष नव्हता, मध्ये एक रिकामी ओळ होती. दुसरा कोणी असता तर त्याने सरळ बॅकस्पेस मारून ती उडवली असती. पण दुसऱ्याच्या दस्तातलं काहीही आंधळेपणाने पुसायचं नाही, हा नंदाचा नियम. एकदा तिने असंच उडवलेलं आणि अख्खा परिशिष्टाचा तक्ता गायब झालेला. तेव्हापासून पुसायच्या आधी ती एक बटण दाबते, ज्याने एंटर, स्पेस, टॅब अशा एरवी न दिसणाऱ्या सगळ्या खुणा पडद्यावर दिसू लागतात.

तिने बटण दाबलं आणि त्या रिकाम्या जागेत चार ओळी उभ्या राहिल्या.

खाली बारीक ठिपक्यांची रेघ असलेल्या. म्हणजे लपवलेला मजकूर. पडद्यावर दिसत नाही, कागदावर छापून येत नाही, पण असतो तिथेच. लपवताना कोणीतरी अक्षरं लपवली होती आणि परिच्छेदाच्या शेवटची एंटरची खूण लपवायला विसरला होता, म्हणून ती जागा राहिली होती. हे सगळं नंदाला एका क्षणात कळलं, कारण ते तिचं रोजचं काम होतं. मग तिने ओळी वाचल्या.

‘तथापि लिहून देणार कु. नंदा सहदेव तांबे यांना सदर सदनिकेत, तसेच पुनर्विकासानंतर तिच्या बदल्यात मिळणाऱ्या सदनिकेत, हयातभर राहण्याचा हक्क राहील व त्यास लिहून घेणार कोणत्याही प्रकारे हरकत घेणार नाहीत.’

तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसत होती, पण लागत नव्हती. माजिवड्याच्या तुळसाबाईंच्या कागदात आपलं नाव कुठून आलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

हा मजकूर इथे कसा, असं तिने दिशाला विचारलं. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं. दिशाने पडद्याकडे नीट पाहिलंही नाही. ती प्रिंटरमधला कागद सारखा करत होती.

“जुन्या दस्तावरून केलंय, नंदाताई. साहेबांकडे हक्कसोडचा एकच नमुना आहे, त्याच्यावर नावं बदलायची. एखादं कलम पार्टीला नको असेल तर साहेब पुसत नाहीत, लपवून ठेवतात. पुढे कोणाला लागलं तर हाताशी असावं म्हणून. राहिलं असेल कोणाचं तरी.”

कोणाचं तरी. चार वर्षांपूर्वी सुदेशने दस्त याच वकिलाकडून करून घेतला होता. नंदा खुर्चीवरून उठली आणि दुकानाच्या मागच्या दाराशी, जिथे रिकाम्या कागदांचे खोके रचलेले असतात, तिथे जाऊन उभी राहिली. तिची स्वतःची प्रत दिव्याच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिक्क्यासकट पडून होती. चार वर्षांत तिने ती एकदाही उघडली नव्हती. उघडायची वेळच आली नव्हती, आणि नोंदणीच्या दिवशीही तिने ती वाचली नव्हती. शंभर लोकांच्या हातातून कागद ओढून घेणारी बाई भावाच्या कागदावर डोळे मिटून सही करून मोकळी झाली होती. भावाच्या देखत त्याचा कागद वाचायचा म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायचा, आणि तसलं काही तांब्यांच्या घरात होत नव्हतं. असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि त्याचा तिला अभिमानही वाटला होता.

तिने सुदेशला फोन लावला. आडवळण तिला कधीच जमलं नाही. राहण्याच्या हक्काचं कलम दस्तात आहे का, एवढंच तिने विचारलं.

“कोणी सांगितलं?” सुदेशने उलट विचारलं. त्या प्रश्नातच तिला उत्तर मिळालं. तरी ती थांबली. मग सुदेश बोलायला लागला, आणि बोलतच राहिला. बिल्डरच्या वकिलाला असलं कलम नको होतं. घर एकाच्याच नावावर, मोकळं पाहिजे म्हणाला. अडकून पडलं असतं सगळं. मी तुला सांगणारच होतो. तसंही कागदावर असलं काय नि नसलं काय, तू परकी आहेस का. फक्त दसऱ्यालाच यायची घाई करू नकोस, पोरीची, सान्वीची बारावी आहे, तिला अभ्यासाला खोली लागणार. पुढच्या वर्षी बघू.

“मला वाचून दाखवलंस तो कागद वेगळा होता तर,” नंदा म्हणाली.

“ताई, नोंदणीच्या दिवशी मी कागद तुझ्यापुढे धरलेला. वाच म्हटलेलं. तू वाचलं असतंस ना, तर मी तिथेच सगळं सांगितलं असतं.”

हे खरं होतं. त्याने कागद धरला होता आणि वाच म्हटलं होतं. तो तेव्हा मान खाली घालून चपलांकडे बघत होता, हेही तिला आता आठवलं. तिला वाटलं होतं, बहीण हिस्सा सोडते आहे म्हणून त्याला भरून आलंय. नंदाने फोन ठेवला. राग येईल असं तिला वाटत होतं, पण राग आला नाही. कोणीतरी सणसणीत थोबाडीत मारावी आणि मारणारा कोण ते कळू नये, तशी ती नुसती सुन्न झाली होती. ज्याच्या शाळेच्या चड्ड्या तिने शिवल्या, त्याने चार वर्षं तिला खिडकी दाखवली, पडद्याचा रंग विचारला, आणि एकदाही त्याची जीभ अडखळली नाही. हे तिला कुठेच बसवता येईना.

दिशा आतून हाक मारत होती. कचेरीतला नंबर जवळ आला होता.

नंदा परत येऊन बसली. आधी तिने ती फाइल जशीच्या तशी आपल्या मेलवर पाठवून ठेवली. त्याचा पुढे उपयोग होईल की नाही ते तिला ठाऊक नव्हतं, पण ठेवली. मग तिने त्या चार ओळींवर माउस फिरवला. परक्या बाईच्या दस्तात त्या राहू देणं शक्यच नव्हतं. काम ते काम. सगळ्या ओळी निळ्या झाल्या, तिने डिलीट दाबलं आणि खालचा परिच्छेद वरच्याला येऊन अलगद मिळाला. मोकळी जागा नाहीशी झाली. सह्या शेवटच्या पानावर मजकुराच्या खाली नीट बसल्या. दिशा खूश झाली आणि नेमकं काय होतं म्हणून तिने विचारलं.

“माझंच होतं,” नंदा म्हणाली. दिशाला त्यातलं काही कळलं नाही.

प्रिंट निघाली. ती दिशाच्या हातात न देता नंदा बाहेर आली आणि बाकड्यावर तुळसाबाईंच्या शेजारी बसली. म्हातारी संकोचली. अंगठ्याला शाई लावायची तयारी करूनच ती बसली होती.

“भावाचा कागद हाय, बाय. त्यात काय वाचाचा,” ती म्हणाली. काळुराम उन्हात उभा राहून घाम पुसत होता. त्यानेही मान डोलावली.

नंदाने त्या दोघांचं ऐकलं नाही. पहिल्या ओळीपासून सुरुवात करून ती एकेक कलम वाचत गेली, अवघड शब्द आला की थांबून सोपा करून सांगत गेली. मध्ये दोनदा ती ओळ चुकली. दोन्ही वेळा तिने पाणी प्यायलं आणि पुढे वाचलं. कागदात वावगं काही नव्हतं. तुळसाबाई सोडत होती ते, आणि तिला मिळत होतं ते, सगळं सरळ लिहिलेलं होतं. तिसऱ्या पानावर ती जागा आली तेव्हा नंदाचं बोट तिथे जरा रेंगाळलं. आता तिथे काहीच नव्हतं.

वाचून संपलं तरी तुळसाबाई उठली नाही. ती कागदाकडे नाही, नंदाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मग तिने आपला सुरकुतलेला हात नंदाच्या गुडघ्यावर ठेवला.

“तुला हाय का गो भाऊ?”

नंदाने मान हलवून हो म्हटलं.

“कुठं ऱ्हातो?”

“डोंबिवलीला,” नंदा म्हणाली. “त्याच्या घरी.”

दिव्याच्या त्या खोलीत काढलेल्या अठरा वर्षांत, कोणीही विचारलं तरी, ती आजवर ‘आमच्या घरी’ म्हणत आली होती.