मावशीच्या खोक्याची मूठ

सबंध सुरतेत सुताराला दारातूनच परत पाठवणारी बाई एकच होती, आणि ती माझी मावशी होती. लिंबायतच्या मराठी शाळेत ती गाणं शिकवायची. पण दिवसभर हार्मोनियमवर फिरणारी तिची बोटं घरी आल्यावर रंध्यावर फिरायची. पाट, देव्हारा, मांडणी, सगळं तिच्या हातचं. मांडणी किंचित कलती होती, त्यामुळे डबे आपोआप एका कोपऱ्यात गोळा व्हायचे. बँकेतल्या नोकरीसाठी मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा हे दाखवलं, तर म्हणाली, "बरंच आहे की. शोधावे लागत नाहीत."

शाळेच्या एकुलत्या एक हार्मोनियमच्या ने-आणीसाठी तिने साड्यांच्या पार्सलच्या फळ्यांचं खोकं केलं. खोकं झकास झालं; घोडं अडलं ते मुठीशी. पेरूच्या फांदीची पहिली मूठ उंबऱ्यातच स्क्रूसकट उपटून आली. दुसरी टिकली, पण मावशीच्या तळव्याला फोड आले. गल्लीतला गुजराती सुतार हसायचा, "बेन, रहेवा दो ने! तुमचं काम नाय ते."

मावशी दिवाळीला माहेरी धुळ्याकडे गेली आणि फराळाऐवजी कुऱ्हाडीचा जुना दांडा घेऊन आली. चिवट धावड्याच्या लाकडाचा. पंधरा दिवस ती तो तासत होती, काचेच्या तुकड्याने खरवडत होती, मधूनच डाव्या हातात धरून डोळे मिटत होती. डाव्याच का, असं विचारलं, तर म्हणाली, "मग रिक्षा कोणत्या हाताने थांबवू?" शेवटी तिने स्क्रूंना रजाच दिली. मुठीतून आरपार बोल्ट घातले, खोक्याच्या आतून लोखंडी पट्टी लावली आणि नट आवळले.

आठवड्याभरात शाळांची समूहगीत स्पर्धा आली. मावशीच्या मदतीला मीही गेले. सभागृह तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात वरून मुलांचा लोंढा आला, मावशीला धक्का बसला आणि खोकं कठड्यापलीकडे गेलं. खाली फरशी, कठड्यावर ओणवी मावशी, आणि तिच्या एका हाताला लोंबकळणारी शाळेची हार्मोनियम! मी किंचाळले, "मावशी, सोडू नकोस!"

"सोडतेय कशाला? तू आधी बघ, मूठ हललीय का?"

दोघा शिक्षकांनी खोकं वर ओढलं. मूठ तसूभरही हलली नव्हती. मावशीने तिथेच जिन्यात खोकं उघडून सगळ्यांना आतली पट्टी दाखवली. आमच्या शाळेचा दुसरा नंबर आला, पण त्याचा आनंद मावशीला दुसऱ्या दिवशी झाला.

परतताना गल्लीच्या तोंडाशी सुतार भेटला. हकीकत ऐकून त्याने मूठ ओढून पाहिली, पिळून पाहिली, आणि हळूच म्हणाला, "बेन, माझ्या हत्यारांच्या पेटीला पण आवी एक मूठ करी आपो ने."

"बघू. सवड झाली तर," मावशी म्हणाली.

तो गेल्यावर तिने डावा खांदा चोळला. "घे, आज तू धर," म्हणत तिने खोकं माझ्याकडे दिलं आणि पुढे चालू लागली. एरवी दप्तर, भाजीच्या पिशव्या, हार्मोनियम. तिचे हात रिकामे मी कधी पाहिलेच नव्हते. ते कुठे ठेवावेत हे तिलाही कळेना. थोडा वेळ तिने ते नुसते हलवले, आणि मग शाळेतल्या मुलीसारखे पाठीमागे बांधले.