बाईंनी भरलेलं पाणी

कुमुदबाई गेल्याचा फोन आला तेव्हा लालबागच्या माझ्या मसाल्याच्या दुकानात बेडगी मिरचीवरून एका गिऱ्हाइकाशी माझी जुंपली होती. "घ्या तुमच्या भावाने," म्हटलं आणि शटर ओढलं. अशी माघार मी आयुष्यात कधी घेतली नव्हती.

शाळेत मला कबड्डी त्यांनीच शिकवली. दहावी झाली नि वडील म्हणाले, शाळा नि खेळ आता पुरे. मी रोज जिन्याकडे डोळे लावून बसायची... बाई येतील, वडिलांशी बोलतील. आल्याच नाहीत. पुढे मिरच्या कांडत दुकान उभं केलं, पण तो राग काही बारीक कुटला गेला नाही.

निवृत्तीनंतर बाई आमच्या चाळीमागच्या मैदानात मुलींना खेळवू लागल्या, शाळा सुटलेल्यांना मुद्दाम बोलावून. माझी श्रावणीही जायची. दहावीनंतर मीच तिचा खेळ थांबवला. संध्याकाळी नळाला पाणी येतं, मी दुकानात, भरणार कोण? तिसऱ्या दिवशी बाई दारात हजर.

"नंदे, पोरीला पाठव."

"माझ्या वेळेला कुठे होता तुम्ही?"

बाई उंबऱ्यावरच बसल्या. "शाळा सुटली की मुलगी आपली उरत नाही, असं वाटायचं गं तेव्हा. चुकलं माझं..."

"चुकलं म्हणून पिंप भरत नाही, बाई."

"मी भरते की."

"बोलायला काय जातं!"

"किल्ली दे."

चार दिवसांची हौस असेल, असं वाटलं. दोन वर्षं भरलं त्यांनी. एखाद्या मुलीच्या हाती शिट्टी देऊन वर यायच्या, पदर खोचून मजल्यावरच्या नळाशी रांगेत उभ्या राहायच्या. बायका चिडवायच्या, "बाई, नंदा पगार काय देते?" "ती? घासाघीस करून माझ्याकडूनच घेईल!" मी एकदाही त्यांना "राहू द्या" म्हटलं नाही. करू दे, म्हणायची मनात... आता ते खुपतं.

श्रावणी कॉलेजच्या संघात आहे. बाईंच्या माघारी मैदानावर तीच शिट्टी वाजवते. गेल्या महिन्यात म्हणाली, आमच्याच मजल्यावरची पूर्वा येत नाही, आई कामावर, पाण्याचं अडतं. मी त्यांच्या दारात जाऊन किल्ली मागून आणली.

त्या वेळात आता दुकान बंद. गिऱ्हाइकं कुरकुरतात, कुरकुरू देत. नळाजवळच्या खिडकीतून अख्खं मैदान दिसतं. दुकान सुरू व्हायच्या आधी कितीतरी वर्षं तिथे पाणी भरलं, पण खाली कधी पाहिलंच नव्हतं. बाई म्हणे हंडा लावून तिथूनच ओरडायच्या. परवा माझ्याही तोंडून निघालं, "पूर्वा, कोपरा सोडू नकोस!"

खाली खेळ थांबला. सगळ्या पोरी एकदम वर बघू लागल्या.