देवीच्या वाट्याचे चिकू
पेंढ्यात पिकत घातलेल्या चिकूंचा मधाळ, किंचित आंबूस दरवळ आला, की मला डहाणूच्या वाडीतली ती दुपार आठवते. हंगामाचा पहिला तोडा होता आणि त्यातली सर्वांत मोठी पाच फळे विवळवेढ्याच्या महालक्ष्मीसाठी वेगळी ठेवण्याची आमच्या घरची रीत. त्या दिवशी टोपलीत तीनच उरली. सासूबाईंचा चेहरा उतरला, तशी मी, नवी सून, लगबगीने म्हणाले, "मोठ्या वहिनींनी घेतली असतील, आई. त्यांचा सगळा जीव खाण्यात!" थोरल्या जाऊबाई हावरट, असे मी पहिल्या दिवसापासून मनाशी ठरवून टाकले होते; फळे मात्र माझ्याच खोलीत, माझ्याच साड्यांखाली होती. जाऊबाईंची नजर माझ्या पदरावरच्या चिकाच्या ओल्या डागावर थांबली. "हो, मीच घेतली. देवीला दुसरी दोन निवडते," त्या शांतपणे म्हणाल्या, मला आत घेऊन गेल्या आणि डागावर खोबरेल चोळत पुटपुटल्या, "येडे, कच्ची खाल्लीस तर ओठ चिकटतील ना! पिकू दे, मग दोघी मिळून खाऊ." आपण नाकारलेली आपलीच बाजू म्हणजे मनाची सावली, आणि ती आपल्याला दुसऱ्याच्या अंगावर पडलेली दिसते, हे मी पुष्कळ वर्षांनी मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचले; पण ती सावली ओळखूनही कोणी आपल्याला जवळ घेते, हे त्या तेलकट बोटांनी मला आधीच शिकवले होते.