तळहाताखालची उत्तरं

"इंग्लिश शाळेत शिकली म्हणं, पण तोंड उघडत न्हाई," शेजारी बसलेल्या मावशी माझ्याकडे बघत पुटपुटल्या.

घाटनांदूरच्या वाचनालयात आम्हा बायकांना इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या सरांनी ते ऐकलं. "पोरीचं काय चुकलं? माझा सवालच बरोबर न्हाई," ते म्हणाले.

त्यांच्या आजोबांच्या उर्दू शिकण्याच्या पुस्तकासारखंच सरांचं इंग्रजीचं पुस्तकही सवाल-जवाबांचं. शिकवताना ते उत्तरं तळहाताने झाकतात. त्या दिवशी मात्र त्यांनी पुस्तक मिटलं, मावशींकडे हात केला आणि मला इंग्रजीत विचारलं, "यांचं नाव काय?"

महिनाभर शेजारी बसूनही मला ते ठाऊक नव्हतं. उत्तराची वाट पाहताना सर नेहमी चष्मा पुसतात. तसेच पुसत राहिले.

मी वळले. "मावशी, व्हॉट इज युवर नेम?"